आधी काय तुटावं

गाडीला हेडर बसवायचा म्हटलं की चर्चा नळ्यांची होते. नळीचा व्यास किती, चारही नळ्या एकदम एकत्र आणायच्या की आधी दोन-दोनच्या जोड्या करायच्या, स्टेनलेस घ्यायचं की साधं माइल्ड स्टील. ज्या मूठभर नटांवर हे सगळं प्रकरण इंजिनाला लटकलेलं असतं त्यांच्याबद्दल शेवटी एक वाक्य येतं : नवीन नट-बोल्ट टाकून फिट केलं. संपलं. मी नळ्यांचा निर्णय एका संध्याकाळी घेतला. नटांचा निर्णय घ्यायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत माझ्या चार वर्षांच्या मेकॅनिकल इंजिनीअरिंगची जेवढी उजळणी झाली तेवढी एकाही परीक्षेच्या आधी झाली नव्हती. (पदवी मेकॅनिकलची, नोकरी हिंजवडीत सॉफ्टवेअरची. पुण्यात ही काही नवलाची गोष्ट नाही.)

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू एका भोकातून बाहेर पडतो. ही सगळी भोकं एकत्र करून वायू खालच्या पाइपात सोडणारा जो भाग असतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. कंपनीतून येतो तो बहुतेकदा बिडाचा ओतलेला, जाड आणि जड. त्याच्या जागी वाकवलेल्या नळ्या वेल्ड करून बाहेर बनवलेला भाग बसवला की त्याला हेडर म्हणतात. लोक तो बसवतात ताकदीसाठी, वजनासाठी, आवाजासाठी. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. आमचा मॅनिफोल्ड तडकला होता.

गाडी २००३ची मारुती झेन. बाबांची पहिली आणि एकमेव गाडी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरांनी कर्ज काढून घेतलेली. झेनचं उत्पादन २००६मध्ये थांबलं. पंधरा वर्षांनंतर गाडीची पुनर्नोंदणी करावी लागते. मोटारीसाठी त्याचं शुल्क एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं, तेव्हा सगळ्यांनी बाबांना गाडी भंगारात काढायला सांगितलं. बाबांनी ५,००० भरले. या विषयावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे आईला १९९०च्या दशकातच कळलं होतं, मला जरा उशिरा कळलं.

सकाळी गाडी चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं इंजिनाच्या पुढून टिक-टिक-टिक असा आवाज यायचा आणि गाडी तापली की तो बंद व्हायचा. ही तडकलेल्या मॅनिफोल्डची ठरलेली खूण. बीड तापून प्रसरण पावलं की फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. आवाज थांबला की माणूस विसरतो. फट मात्र पूर्ण मिटत नाही. दोन भोकांच्या मधोमध केसासारखी रेघ होती आणि तिच्या कडेने काजळी बसली होती.

आता ही गोष्ट नुसत्या आवाजाची असती तर चाललं असतं. पण मॅनिफोल्डमधून गळणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बॉनेटखालची हवा ब्लोअरच्या वाटेने आत येऊ शकते. आई-बाबा महिन्यातून एकदा कोल्हापुराहून रत्नागिरीकडे जातात, आईच्या माहेरी. पावसाळ्यात आंबा घाटात काचा बंद, ब्लोअर चालू, पुढे ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. घाटात आपलं डोकं दुखतं असं आई दोन वर्षं सांगत होती आणि आम्ही सगळे तिला आलेपाक देत होतो. त्या डोकेदुखीचं कारण ही रेघच असेल किंवा नुसती वळणं असतील. पण रेघ पाहिल्यावर मला आलेपाकावर भरवसा ठेवता येईना.

नवा मॅनिफोल्ड मला कुठे मिळाला नाही. भंगारात एक सापडला, तो नेमका त्याच जागी तडकलेला होता. तेव्हा हेडर बनवून घ्यायचं ठरलं. नळ्या स्टेनलेसच्या, आणि इंजिनाला टेकणारी पट्टी, म्हणजे फ्लँज, १० मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलची. त्याच्या खालचं सगळं, कन्व्हर्टरपासून सायलेन्सरपर्यंत, मूळचंच ठेवायचं. राहिला प्रश्न ही पट्टी इंजिनाच्या हेडला कशाने धरून ठेवायची एवढाच.

झेनच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. त्यात ८ मिमीचे स्टड बसवलेले असतात. स्टड म्हणजे डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे पाडलेला बोल्ट. एक टोक हेडमध्ये, दुसऱ्यावर मॅनिफोल्ड अडकवून नट आवळायचा. हेच काम डोकं असलेल्या बोल्टने होणार नाही का? होईल. पण दर वेळी बोल्ट काढताना-घालताना झीज होईल ती ॲल्युमिनियमच्या मऊ आट्यांची. स्टड एकदा हेडमध्ये बसला की तिथून हलत नाही. नट फिरतो तो पोलादाच्या आट्यांवर. म्हणजे झीज कुठे व्हावी हे स्टड वापरताना आधीच ठरवलेलं असतं. हा मुद्दा मला कॉलेजात माहीत होता, पण त्याचं महत्त्व कळलं ते बरंच नंतर, उद्यमनगरात. तिकडे येतोच.

आपण नट आवळतो तेव्हा नेमकं काय होतं? बहुतेकांना वाटतं की नट म्हणजे कडी, लावली की दार बंद. खरं तर स्टड म्हणजे स्प्रिंग. नट आवळताना आपण स्टडला ओढून लांब करत असतो आणि तो पुन्हा आखूड व्हायला धडपडतो, त्या धडपडीने पट्टी दाबून धरली जाते. ८ मिमीच्या कोरड्या आट्यांवर २३ न्यूटन-मीटरने नट आवळला तर अंदाजे १४,००० न्यूटनचा ताण बसतो. साध्या भाषेत १,४०० किलो. झेनचं वजन साडेसातशे किलोंच्या आसपास असतं. म्हणजे एकेका स्टडने पट्टीवर जवळजवळ दोन झेन ठेवलेल्या असतात.

आणि एवढ्या ताणाने स्टड लांब होतो तो किती? पट्टी, गॅस्केट आणि वॉशर मिळून १५ मिमी धरले, तर ०.०३ मिमी. माणसाच्या केसाहून कमी. सगळी भिस्त या एवढ्याशा ताणलेपणावर असते. काही कारणाने ते ०.०३ मिमी हरवले की नट जागेवर दिसतो, फिरवून पाहिला तर घट्टही वाटतो, पण पट्टीवर दाब नसतो. मग टिक-टिक सुरू.

हे आकडे वहीत मांडून मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. पुण्यात स्क्रूपासून साखळदंडापर्यंत काहीही हवं असेल तर लोक तिथेच जातात. दुकानदाराला काम सांगितलं. त्याने क्षणभरही विचार न करता काळे ॲलन बोल्ट पुढे सरकवले. डोक्यावर १२.९ कोरलेलं. "हेच न्या साहेब, आयुष्यात तुटणार नाहीत."

त्या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. पहिल्या आकड्याला १००ने गुणलं की बोल्ट तुटायला लागणारा ताण मिळतो, मेगापास्कलमध्ये. १२ म्हणजे १,२००. बिंदूनंतरचा आकडा सांगतो की त्याच्या किती टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांब व्हायला लागतो. ९ म्हणजे ९० टक्के. या हिशेबाने ८.८चा बोल्ट ८०० आणि ६४०वाला. कोणालाही वाटेल की १२.९ घ्यावा, किमतीत फार फरकही नसतो. पण ही ताकद पोलादात जन्मजात नसते. लालबुंद तापवून, झटकन थंड करून, पुन्हा ४००च्या आसपास किंवा थोड्या वरच्या तापमानाला शेकून ती आणलेली असते. एक्झॉस्टचे स्टड तीनशे-चारशे अंशांत राहतात. म्हणजे ज्या भट्टीत ताकद कमावली, तिच्या उंबऱ्यावरच रोज बसायचं. शिवाय बोल्टांच्या मानकांतले हे आकडे खोलीच्या तापमानाचे असतात. त्या डोक्यावर कोरलेल्या १२.९ला गरम इंजिनापाशी तसा अर्थ उरत नाही.

दुसरा मोह स्टेनलेसचा. नळ्या स्टेनलेसच्या, मग स्टडही स्टेनलेसचे, दिसायला एकसारखं आणि गंजाची कटकट नाही. इथे वहीतलं ०.०३ मिमी कामी आलं. साधं पोलाद तापलं की दर अंशाला, दर मीटरला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. नेहमीचं ए२ स्टेनलेस वाढतं १७. सगळं ३०० अंशांनी तापलं, तर १५ मिमी लांबीत स्टेनलेसचा स्टड माइल्ड स्टीलच्या पट्टीपेक्षा ०.०२ मिमी जास्त वाढणार. मुळात ताणलेपण होतं ०.०३. म्हणजे गाडी तापली की दोन तृतीयांश पकड गायब, ती नेमकी घाटात. पट्टीही स्टेनलेसची असती तर गणित वेगळं झालं असतं. "स्टेनलेस चांगलं की वाईट" असा प्रश्नच चुकीचा आहे. कोणाच्या शेजारी बसवणार, ते महत्त्वाचं. आपल्याकडे पत्रिका जुळवताना तरी आणखी काय पाहतात?

वर स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर दोघांचे आटे एकमेकांना असे काही चावतात की नट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. तिथे स्टड कापण्याला पर्याय नसतो.

बाकीचे उमेदवार लवकर बाद झाले. जस्ताचा मुलामा दिलेले चकचकीत नट : जस्त ४२० अंशांना वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी मुलाम्याचं संरक्षण संपतं. नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले नट : एरवी थरथरीला उत्तम, पण नायलॉन २६० अंशांच्या आसपास वितळतं. पहिल्याच दिवशी त्याचा वास येईल आणि उरेल तो नुसता ढिला नट. स्प्रिंग वॉशर : इतकी उष्णता लागली की त्यातली स्प्रिंग मरते आणि फक्त वॉशर उरतो. दुकानदार शेवटी म्हणाला, "साहेब, तुम्हाला बोल्ट घ्यायचा आहे की मुलगी द्यायची आहे?" मी ८.८चे, मुलामा नसलेले, साधे काळे स्टड घेतले आणि नटांचा निर्णय लांबणीवर टाकून कोल्हापूरची गाडी पकडली.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर म्हणून भाग आहे. लेथ, फाउंड्री, वेल्डिंग, गिअर कटिंग, एकाला लागून एक. तिथल्या एका गॅरेजात बाबांची गाडी वर्षानुवर्षं जाते. मिस्त्री साठीचे, मी त्यांना मामा म्हणतो. जुना मॅनिफोल्ड त्यांनीच उतरवला. प्रत्येक नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. सकाळी टॉर्चने नट तापवायचा, थोडा सोडवायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा सोडवायचा. घाई नाही. स्टड काढायला त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून आतल्याला पाना लावायचा. एकेक स्टड असा नमस्कार-चमत्कार करत बाहेर आला.

कोपऱ्यातल्या एका जागी मात्र स्टड नव्हताच. कधीतरी, कुठल्यातरी रस्त्यावरच्या गॅरेजात, कोणीतरी तिथे १२.९चा ॲलन बोल्ट ठोकून दिला होता. मामांनी तो हळूहळू फिरवला. बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांभोवती चांदीच्या तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं. ते हेडचे आटे होते.

मामांनी बोल्ट फडक्याने पुसून माझ्या हातावर ठेवला. "ह्यो बघ. बोल्टाला काय बी झालं न्हाई. हेडाचं वाटोळं झालं."

खरोखरच बोल्ट नव्यासारखा होता. दुकानदाराचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं होतं : तो तुटला नव्हता, तुटणारही नव्हता. काहीतरी हार मानणं भाग होतं, आणि बोल्ट तयार नव्हता म्हणून ॲल्युमिनियमने मानली. बोल्ट तीस-चाळीस रुपयांचा. हेड, या गाडीसाठी, आता मिळेल तेव्हा मिळेल.

मी मामांना वहीतली गणितं दाखवली. त्यांनी ती चष्मा वर करून बघितली, मान हलवली आणि एकच प्रश्न विचारला. "फुडच्या टायमाला ह्ये कोन खोलणार?"

कॉलेजात मशीन डिझाइनला आम्हाला भांडारींचं पुस्तक होतं आणि परीक्षेत पी.एस.जी.चं डेटा बुक घेऊन बसायची परवानगी होती. बोल्टवरची किती गणितं सोडवली असतील याचा हिशेब नाही. भार दिलेला, पदार्थ दिलेला, सुरक्षिततेचा गुणक दिलेला, बोल्टचा व्यास काढा. उत्तर नेहमी "बोल्ट टिकेल" इथे येऊन थांबायचं. तो टिकलेला बोल्ट दहा वर्षांनी कोणीतरी खोलणार आहे, गंजलेला, काजळीत, वाकून, हात जेमतेम पोचेल अशा जागी, आणि त्या वेळी तो सुटला नाही तर काय तुटेल, असं विचारणारं गणित आमच्या पेपरात कधी आलं नाही. मामांचा अख्खा धंदा त्या न विचारलेल्या गणितावर चालतो.

तिथे गॅरेजात बसून मी वहीच्या नव्या पानावर एक यादी केली. वरून खाली, कमी किमतीपासून जास्त किमतीकडे. नट : काही रुपये, पाच मिनिटं. स्टड : थोडे जास्त रुपये, एक तास. हेडमधले आटे : हेलिकॉइल, म्हणजे आटे नव्याने पाडून त्यात बसवायची पोलादी तारेची गुंडाळी, अर्धा दिवस आणि नशीब. हेड : गाडी संपली. हार मानायची वेळ आली तर याच क्रमाने मानली जावी, एवढंच मला नट निवडताना पाहायचं होतं. सगळ्यात मजबूत नट शोधत मी पुण्यात फिरलो होतो. हवा होता तो सगळ्यात आधी सुटणारा, चिरता येणारा, टाकून देता येणारा नट.

मामांचं उत्तर तयार होतं : पितळ. पितळी नट पोलादी स्टडला गंजून धरत नाही. दहा वर्षांनीही सुटतो. अगदीच अडला तर छिन्नीने चिरून काढता येतो आणि स्टड तसाच राहतो. माझी शंका अशी होती की पितळ मुळात कमजोर, त्यात तापलं की आणखी मऊ पडतं. त्याला ते म्हणाले, "मग उंच कर की." ८ मिमीचा साधा नट साडेसहा मिमीच्या आसपास उंच असतो. तो १२ मिमी केला की जवळजवळ दुप्पट आटे भार वाटून घेतात. ही युक्ती जुनी आहे, जुन्या ब्रिटिश मोटारींच्या मॅनिफोल्डवरही असे उंच पितळी नट सापडतात. माझं गणित आणि मामांचं बोट एकाच आकड्यावर येऊन टेकलं. मला अर्धा तास लागला, त्यांना लागला नाही.

अजून एक अडचण होती, ती हेडर समोर ठेवल्यावरच कळते. बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये नटाभोवती भरपूर जागा सोडलेली असते. हेडरची नळी मात्र नटाच्या अगदी अंगावरून वळते. बाजारात मिळणाऱ्या ८ मिमीच्या साध्या नटाला १३चा पाना लागतो आणि दोन ठिकाणी तो पाना नळीला अडत होता. जपानी घराण्यातल्या गाड्यांवर ८ मिमीच्या नटाला १२चा पाना बसतो. नटाच्या बाजू एक मिलिमीटर आत. मामांनी शेजारच्या लेथवाल्याला १२च्या षट्कोनी पितळी बारमधून नट कातायला सांगितले. दुपारच्या जेवणापर्यंत ते कागदात गुंडाळून आले, सोन्याच्या दुकानातून आणल्यासारखे.

जेवणानंतर खराब झालेल्या जागी हेलिकॉइल बसवली. बाकीच्या ठिकाणी आट्यांतून फक्त टॅप फिरवून घाण काढली. स्टड हेडमध्ये १६ मिमी आत जाईल असे बघितले, म्हणजे व्यासाच्या दुप्पट. पोलादाच्या आट्यांत एवढी खोली लागत नाही, ॲल्युमिनियमला लागते. स्टड हातानेच बसवले, शेवटी हलकासा टेकू देऊन. तिथे जोर करून काही मिळत नाही. ताण यायचा तो बाहेरचा नट आवळल्यावर.

मग पट्टी. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकतो. सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज सरकवून बघितलं तर एका टोकाला फट होती. "आवळला की बसंल," असं शेजारचा पोरगा म्हणाला. बसला असता. पण मग त्या १,४०० किलोंतले निम्मे किलो पट्टी सरळ करण्यात खर्च झाले असते आणि गॅस्केटच्या वाट्याला उरलेले आले असते. नटाचं काम दाबून धरण्याचं आहे, वाकलेल्याला शिस्त लावण्याचं नाही. पट्टी मशीनवर घासून सपाट करून आणली. टोकाकडची भोकं थोडी लांबट केली, कारण सुमारे ३० सेंटिमीटरची पट्टी तापल्यावर लांबीला मिलिमीटरभर वाढते आणि तिला सरकायला जागा नसेल तर ती बाजूच्या स्टडना वाकवते.

शेवटी मलम. आट्यांवर निकेलचं अँटी-सीझ लावायचं, म्हणजे उष्णतेत आटे धरत नाहीत. इथे एक बारीक गोष्ट आहे. नट आवळताना आपण लावलेल्या जोरातला साधारण दहावा भागच स्टड ताणायला जातो. बाकीचा सगळा घर्षणात जातो, नटाच्या खाली आणि आट्यांमध्ये. मलम लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. २३ न्यूटन-मीटर कोरड्या आट्यांसाठी बरोबर होते. मलम लावून तेवढेच दिले तर ताण १४,०००ऐवजी १९,००० न्यूटनवर जातो. तेवढाच ताण हवा असेल तर आवळायचं १७वर. १७ म्हणजे हाताला फसवं वाटतं, अजून थोडं बसेल असं वाटत राहतं. म्हणून टॉर्क पाना. मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेर जायचं, आधी सगळे अर्ध्यावर, मग सगळे पूर्ण.

गाडी चालू केली. टिक-टिक नव्हती. मामांनी पट्टीच्या कडेने साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे आले नाहीत. चांगली तापू दिली, बंद केली, रात्रभर गार होऊ दिली आणि सकाळी परत टॉर्क पाना लावला. पहिल्या तापण्यात गॅस्केट थोडं चेपतं, त्यामुळे नट किंचित फिरतात. आणखी चार-पाच वेळा तापल्यावर परत. पितळाला हे करावंच लागतं. त्याच्या सुटण्याच्या चांगुलपणाची ती किंमत आहे : अधूनमधून विचारपूस.

आणि ही विचारपूस करायला मी तिथे नसतो. माझ्या रोजच्या कामात काही बिघडलं की रात्री दोनला माझा फोन वाजतो, मी उठतो, लॅपटॉप उघडतो, जुनी आवृत्ती परत चढवतो आणि झोपतो. तिथेही आम्ही आधी काय पडावं हे ठरवून ठेवतो. एक सेवा पडली तर ती एकटीच पडावी, बाकीच्यांना ओढू नये. पण तिथे पडणं फुकट असतं आणि उठवणारा नेहमी एका फोनच्या अंतरावर असतो. आंबा घाटात बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही. तिथे मी आणि बाबा यांच्यामध्ये फक्त मी आधी घेतलेले निर्णय असतात. एवढा विचार नटांवर का केलास, असं मित्र विचारतात, त्याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आपल्याकडे मजबूत या शब्दाला फार मान आहे. भिंत मजबूत, मुलगा मजबूत, बोल्ट मजबूत. कोपऱ्यातल्या जागी बोल्ट ठोकणाऱ्यानेही वाईट हेतूने केलं नसणार. गिऱ्हाईकाला त्याने दुकानातली सगळ्यात भारी वस्तू दिली. पण जोडणीत प्रत्येक जण सगळ्यात भारी असून चालत नाही. कोणीतरी मऊ असावं लागतं, आणि तो मऊ असणारा स्वस्त, हाताशी येणारा आणि बदलता येणारा असावा, एवढी काळजी घ्यावी लागते. ती घेतली नाही तर मऊपणा नाहीसा होत नाही. तो सगळ्यात महाग जागी जाऊन बसतो.

टॉर्क पाना मी कोल्हापुरातच ठेवून आलो. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला आहे : इंजिन गार असतानाच. १२चा. १७ न्यूटन-मीटर. मधून बाहेर. बाबा दर तीन महिन्यांनी, त्यांच्या सवयीने, सकाळी आंघोळीच्या आधी पाना लावतात, क्लिक ऐकू येईपर्यंत एकेक नट आवळतात आणि डायरीत तारीख टाकतात. कितवा नट किती फिरला हेही लिहितात, उत्तरपत्रिका तपासल्यासारखं. पहिल्या दोन नोंदींत आकडे आहेत, त्यानंतर सगळीकडे "निरंक". आई आता मागच्या सीटवर झोपते, आणि आलेपाक आणत जा असं आम्हाला बजावते, कारण तो तिला आवडायला लागला आहे.

लेथवाल्याने चार नट जास्तीचे कातून दिले होते. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये एका छोट्या पिशवीत आहेत. अजून एकही लागलेला नाही.